व्हिएन्नाचं केळवण

आजही कुणी ‘अगं, एवढीशी तर घे’ म्हणत वाढायला वाकलं की माझ्या घशाशी येतं. बोलण्यापुरतं नाही सांगत, खरोखरीचं आंबट पाणी येतं. मी महाळुंगे पडवळची, मासवडीच्या मुलखातली बाई, आणि मासवडी दिसली की तोंड फिरवते. लोकांना वाटतं, व्हिएन्नाला राहून आली म्हणून शेफारली. वाटू दे. व्हिएन्नानं माझं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते माझ्याच माणसांनी, मी तिथं पाऊल ठेवायच्या आधी.

मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर राहून अन्नतंत्रज्ञान शिकत होते. आमच्या कॉलेजातून चौघं एका सेमिस्टरसाठी व्हिएन्नाच्या विद्यापीठात जाणार होतो. तिथला खर्च शिष्यवृत्तीतून होणार होता, त्यामुळे घरात पैशावरून एक शब्द झाला नाही. व्हिसाही आला. ऑक्टोबरात जायचं, असं पक्कं झालं.

जायच्या आधी कॉलेजात एक मॅडम दर शनिवारी आमची तयारी घ्यायच्या. कचरा कसा वेगळा करायचा, ट्राममध्ये तिकीट कुठं पंच करायचं, एका भांड्यात वरणभात कसा उरकायचा. एकदा त्या म्हणाल्या, “कुणी जेवायला बोलावलं आणि पोटात भूक असेल, तर पहिल्यांदाच हो म्हणा. नाही म्हणालात तर ते नाहीच धरतात. परत विचारत नाहीत.” बाकीचे हसले. मी नाही हसले. आमच्याकडं चार वेळा नाही म्हटलं, तर ते लाजणं असतं. मला तो देश तिथल्या तिथं आवडला.

आमच्या चौघांत जुन्नरची एक मैत्रीण होती. तिचे अब्बा शिंपी. लेक बर्फात जाणार म्हणून त्यांनी तिला आतून जाड अस्तर लावलेला कोट शिवला, आणि तो घालून तिला दुकानासमोर उन्हात उभं करून घाम येईपर्यंत तपासला. तिच्या घरी तयारी थंडीची झाली. माझ्या घरी कशाची झाली ते सांगते.

माझ्या आप्पांची तयारी म्हणजे एक फाईल. निळी, बटणाची, मंचरला जाऊन आणलेली. आप्पा गाया-म्हशी बघतात, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला घालतात आणि घरातल्या बायकांच्या बोलण्यात पडत नाहीत. पण कागद त्यांना देवासारखा. माझ्या मार्कशिटा, व्हिसाची झेरॉक्स, करोनाच्या लशीचं सर्टिफिकेट, एवढंच काय, सातबाराचा उतारासुद्धा त्यांनी त्यात घातला. मी म्हटलं, आप्पा, व्हिएन्नात सातबारा कोण बघतंय? तर म्हणाले, “असू दे. विचारलं तर दाखवाया व्हतंय.” मी त्यांना जर्मनमधलं ‘डांके’ शिकवलं, म्हणजे आभारी आहे. ते गाईला म्हणायचे, दूध काढून झाल्यावर.

आणि मग सुरू झालं केळवण.

पहिलं आमच्याच गावात, चुलतीकडं. लग्नाआधी नवरीला करतात ते केळवण, आणि मी तर शिकायला चाललेली. पण चुलती हसत म्हणाली, “पोरगी परदेशी चालली, मग जेवाया घालाया नगं व्हय?” मीही हसले. मूर्खासारखी हसले. पाटाभोवती रांगोळी, ताटाभोवती झेंडूच्या पाकळ्या, पुरणपोळीवर तुपाचं तळं. चुलतबहिणीनं फोटो काढून स्टेटसला टाकला. पोळी संपली की दुसरी, दुसरी संपायच्या आत तिसरी, आणि प्रत्येक पोळीबरोबर एक उपदेश. गाईचं मटण खाऊ नको. गोऱ्याच्या नादी लागू नको. तिकडं संडासात पाणी नसतं म्हणं, मग कसं गं करायचं? हे शेवटचं पुरण तोंडात असताना विचारलं. शी! मी गिळलं, कारण थुंकायची सोय नव्हती.

दुसरं मढला मावशीकडं. पाऊस धो धो. तांदळाची भाकरी, शेवग्याची आमटी, आणि ताटलीभर दाट खीर, तीही दोनदा. तिथं एक अनोळखी बाई भिंतीला टेकून बसली होती. मावशी म्हणाली, शेजारीण हाय. ती शेजारीण माझ्या पायांकडं बघत होती. मग मला पाणी आणायला सांगितलं. आणलं, तर म्हणाली, “सुपारी बी आण की गं माझे बाई.” सुपारी आणली, तर अडकित्ता. मी चालत होते आणि ती बघत होती. बैलाच्या बाजारात चालवून बघतात तसं. सोबत माझे दातही बघितले असते, पण मी हसलेच नाही.

परतताना जीपमध्ये मी आईला विचारलं, “कोण होती ती?”

आईनं पदर सावरला. “आत्याच्या वळखीतली. मुलगा हिंजवडीला हाय. लई चांगली माणसं.”

“मी सहा महिन्यांसाठी शिकायला चाललेय, आई.”

“मग जा की. कोण नगं म्हणतंय? साखरपुडा उरकून जा. लग्न आल्यावर. पितर बसायच्या आत उरकू म्हणती आत्या.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मग जायाचंच कशाला? मोकळ्या पोरीला एवढ्या लांब कुणी धाडतं व्हय?”

म्हणजे हे असं होतं सगळं. अंगठी घालून जा, नाहीतर जाऊ नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते लपवायचं, वर माझ्याच पोटात पुरण कोंबून! मला त्या सगळ्या पोळ्यांची, खिरीची, त्या पाकळ्यांची एकदम शिसारी आली. घरी आल्यावर मी गोठ्यात आप्पांकडं गेले. ते म्हणाले, “तुमी बायका बघा बाबा काय ते.” आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचासुद्धा राग आला मला. चांगुलपणा असा असतो का, की लेक बुडत असताना म्हैस खाजवायची?

मी होस्टेलवर निघून गेले. पण तिसरं केळवण राहिलं होतं, वारूळवाडीला, खुद्द आत्याकडं. आत्यानं फोनवर देवाशपथ सांगितलं, “बघायचं-बिघायचं काय न्हाई. भाचीला दोन घास घालते. तेवढा बी मान न्हाई का माजा?” मी गेले. मागोमाग आईचा फोन आला, तिचा आवाज रडवेला झाला होता म्हणून गेले. होस्टेलवर तीन दिवस मेसचं तेलकट खाऊन पोट आधीच बिघडलं होतं, हेही इथंच सांगून ठेवते.

आत्याच्या दारात पांढरी गाडी उभी होती. आत पाव्हणे. मढची ती ‘शेजारीण’ आता जरीच्या साडीत मुलाची आई होऊन बसलेली. शेजारी मुलगा, मोबाईलमध्ये मान घातलेला. वाईट नसेल बिचारा, मला काय माहीत, त्यानं मान वर केलीच नाही. बाकीचे पुरुष ओसरीवर, त्यात आप्पाही; आई आत बायकांत. मी आत्याकडं बघितलं. आत्यानं माझ्याकडं न बघता रांगोळीत हळदकुंकू भरलं.

ताट आलं. तीळ-खोबरं भरलेल्या बेसनाच्या मासवड्या, वर तर्रीचा लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी, कुरडई, भजी आणि श्रीखंड. मी दोन मासवड्या खाल्ल्या आणि ताटावर हात आडवा धरला. आत्यानं हात बाजूला करून दोन वाढल्या. मी नाही म्हटलं. “अगं, तिकडं कोण देणारे तुला?” मी परत नाही म्हटलं. मुलाच्या आईनं रस्सा ओतला. सगळ्या बायका वाकून माझं तोंड बघत होत्या, हलतंय की नाही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तसं झालं. तेलाचा तवंग माझ्या भाकरीवर चढत होता. माझं नाही तिथं कुणाच्याच कानात शिरत नव्हतं. ना जेवणातलं, ना लग्नातलं.

मग ती उठली. मुलाची आई. माझ्याच ताटातलं श्रीखंड तिनं तिच्या बोटांवर घेतलं, अंगठा त्यात रुतलेला, नखाला जुनी मेंदी, आणि म्हणाली, “आता सासूच्या हातचा एक घास.” सासू! आत्यानं टाळी वाजवली. कुणीतरी मोबाईल धरला. मला कळलं, हा घास गिळला की झालंच. व्हिडिओ निघणार, स्टेटसला लागणार, पेढे वाटले जाणार. मी तोंड मिटलं. तिनं बोटांनी ओठ उघडले.

आणि मला ओकारी झाली. भडाभडा. तिच्या हातावर, जरीवर, रांगोळीवर, पाकळ्यांवर. मासवडी, रस्सा, श्रीखंड, सगळं परत केलं ज्याचं त्याला.

खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं.

मग बघितलं, तर ती बाई हात अंगापासून लांब धरून उभी होती. ती ओरडली नाही. माझ्याकडं बघतही नव्हती. आत्याकडं बघून हळूच म्हणाली, “कवाधरनं व्हतंय हिला असं?”

आत्या म्हणाली, “अवं, पित्त...”

“पुण्याला एकटीच ऱ्हाती न्हवं?”

बस्स. एवढंच. पाव्हणे चहा न घेता उठले. “निरोप धाडतो,” म्हणाले. गाडी वळली. ओसरीवर आप्पा कुणाला तरी सांगत होते, “लई खाऊ घातलं हो पोरीला, पित्त झालं.” त्या घरात खरं बोलणारा तेवढा एकच माणूस.

मी मोरीत वाकून चुळा भरत होते. आई मागून आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडावं. तिच्याच कुशीत रडावं. तेवढ्यात ती कानाशी वाकली.

“पाळी कवा आली व्हती तुझी?”

तिचा हात तेव्हाही माझ्या पाठीवर होता. तो मी झटकला. रस्सा, श्रीखंड, त्या बाईची बोटं, कशाचीच आली नव्हती एवढी किळस त्या हाताची आली. माझ्या आईच्या हाताची. हे लिहितानाही हात थांबतो, पण आली ती आली.

घरी आल्यावर आई म्हणाली, “खरं काय ते कळू दे, मग विमानाचं बघू. तवर कुठं जायाचं न्हाई.” मी किंचाळले, ताट आपटलं, दोन दिवस जेवले नाही. जेवत नाही म्हटल्यावर संशय आणखी वाढला. खाल्लं तरी पोटुशी, नाही खाल्लं तरी पोटुशी!

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या वारूळवाडीहून आली. शेजारच्या नारायणगावात घेतली असती तर कुणी ओळखीचं बघेल, म्हणून मंचरच्या मेडिकलमधून टेस्ट आणली होती. कागदात गुंडाळून, ब्लाउजमध्ये खोचून. ती काढून आईच्या हातात दिली, आईनं माझ्या. दोघी मोरीच्या दाराशी उभ्या राहिल्या, पहाऱ्याला उभं राहावं तशा. मला ती पट्टी त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पण तिकीट काढलेलं होतं, कोट घालून माझी मैत्रीण वाट बघत होती, आणि त्या घरातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता नव्हता. मी आत गेले.

बाहेर आले ती सरळ स्वयंपाकघरात. मांडणीवरून जेवायचं ताट काढलं, ओट्याच्या मधोमध ठेवलं आणि पट्टी त्या ताटात ठेवली.

“अगं, जेवायच्या ताटात!” आई ओरडली.

“केळवण आहे ना? जेवा आता पोटभर.”

दोघी वाकल्या. किती वेळ वाकून बघत होत्या. आत्यानं सुस्कारा सोडला आणि देवाकडं बघून हात जोडले. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. आणि तेवढ्यात मागच्या दारानं आप्पा आले, डेअरीवरून, हातात रिकामी किटली. आई ताट झाकायला गेली, पण आप्पांनी बघितलं होतं.

“हे काय?” त्यांनी वाकून बघितलं. करोनात आमच्या घरी सगळ्यांची टेस्ट झाली होती, दोन रेघा म्हणजे आजार हे त्यांना तेव्हाचं पाठ होतं. “बाहेरच्या देशात जायाचं तर ही बी टेस्ट लागती व्हय?”

चहा उतू गेला, तरी कुणी गॅस बंद केला नाही.

“लागती,” आई म्हणाली.

“येकच रेघ हाय. म्हंजी काय न्हाई ना पोरीला?”

“न्हाई.”

“मग आता कशाला अडवायचं? जाऊ द्या तिला.” आप्पांनी किटली खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि ती पट्टी दोन बोटांत जपून उचलली. खुंटीवरची निळी फाईल काढली, बटण उघडलं आणि माझ्यापुढं धरली.

“ठेव नीट. तिकडं विचारलं तर दाखवाया व्हईल.”

मी म्हटलं, “तिकडं नाही विचारत, आप्पा.”