खरखर नाई, सरसर

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडजवळच्या एका न्हाव्याकडे मी शाळेत शिकवायला जाण्याआधी दाढीला जायचो आणि वस्तऱ्याला धार लावायला शिकायचो. नदीतून आणलेला काळा दगड तो पाण्याने भिजवायचा, वस्तरा माझ्या हाती द्यायचा आणि स्वतः डोळे मिटून नुसता ऐकायचा.

"मास्तर, जोर काऊन लावून राह्यले? खरखर नाई, सरसर पायजे."

महिनाभर खरखरच. एका सकाळी मात्र दगडावरून मऊ सरसर आवाज आला! मी ओरडलोच, "ऐकलं का भाऊ?"

त्याने धार तपासलीही नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसला, गालांना साबण फासला आणि मान मागे टाकली.

"करा आता माही दाढी."

मी वस्तरा त्याच्या गालाला टेकवला. त्याने पुन्हा डोळे मिटले होते, ऐकायला.