बाकावरचे सर

पुढच्या रविवारी अलकापुरीतल्या एका हॉटेलात आमच्या बास्केटबॉलच्या सरांचा ऐंशीव्या वर्षाचा सत्कार आहे आणि त्यांच्यावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ज्या माणसावर पस्तीस वर्षं राग धरला, त्याच्याविषयी माइकसमोर काय बोलायचं, हे मला कळेना.

राग त्यांच्या गप्प बसण्याचा. मी कॉलेजच्या मुलींच्या संघाची कप्तान होते. सरावात सर एकेका पासवर अर्धा अर्धा तास बोलत. सामन्याची शिट्टी वाजली की मात्र हात गुडघ्यांवर ठेवून बाकावर बसत, मिठाची गुळणी धरल्यासारखे. मध्यंतरात मोसंब्याच्या फोडी पुढे करत, पण बोलत नसत. अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट उरलं होतं आणि आम्ही एका बास्केटने मागे होतो. समोरच्यांनी टाइमआउट घेतला. मी धावत बाकाशी गेले, म्हटलं, "सर, काय करू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. मी मनाला येईल तसा चेंडू फेकला, तो रिंगलाही लागला नाही. आम्ही हरलो. मुलींसाठी जीभ हलवणंही यांना जड जातं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि मैदानाच्या कडेला इतकी ओरडले की माझा आवाज कायमचा बसला.

भाषणाची तयारी म्हणून परवा वासण्याच्या माझ्या घरून रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला सरांच्या घरी गेले. काही विचारायच्या आत त्यांनी कव्हर गळालेली एक इंग्रजी चोपडी हातात दिली. म्हणाले, माझे गुरू हेच, सगळं शिकलो ते यातूनच.

त्यात एका जुन्या अमेरिकन कॉलेज प्रशिक्षकाची हकिगत होती. गृहस्थ मुळात रसायनशास्त्र शिकवायला लागलेला. बाहेर बर्फ, मुलांना हिवाळ्यात कोंडून काय खेळवायचं, म्हणून बास्केटबॉल त्याच्यावर ढकलला गेला. धान्याच्या रिकाम्या गोदामात त्याने संघ उभा केला, पुढे तीन कॉलेजं बदलली आणि शेवटी पुन्हा परीक्षानळ्यांकडे गेला. त्या काळात सामना चालू असताना, अगदी टाइमआउटमध्येसुद्धा, प्रशिक्षकाने खेळाडूंना काही सांगणं नियमाविरुद्ध होतं. तो बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसे.

मी ते पान दोनदा वाचलं. हा नियम सर शाळेत जाण्याआधीच मोडीत निघाला होता! म्हणजे आमचा पराभव एका जुन्या चोपडीमुळे झाला? हसावं की रडावं तेच समजेना. पस्तीस वर्षांचा राग आता टाकायचा तरी कुठे?

मी म्हटलं, "सर, हा नियम केव्हाच गेला."

"माहीत होतं मला," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या आधीच्या बॅचच्या वेळीच कळलं होतं. पण बोललो नाही की मुली आपला आपण विचार करतात असं दिसलं, म्हणून तसंच चालू ठेवलं."

आता मी पुरतीच गोंधळले. ही शिकवण होती की आळस? त्यांना नावाजू की जाब विचारू? शेवटी विचारलंच, "आणि त्या दिवशी? मी समोर उभी राहून विचारत होते तेव्हा?"

सर चोपडीच्या सुटलेल्या पानांच्या कडा जुळवू लागले.

"त्या दिवशी बोलणार होतो गं. सुचलंच नाही काही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू तर इतकी वर्षं मुली खेळवल्यास. तू सांग ने, काय बोलायला हवं होतं मी?"

ते मिनिट मी मनात हजारदा खेळले होते. दर वेळी चेंडू वेगळ्या ठिकाणाहून फेकला होता. पण सरांनी काय बोलायला हवं होतं, याचा विचार एकदाही केला नव्हता. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसले. काकूंनी चहा आणून ठेवला तरी गप्पच होते.