पुसलेले गुण

मारुतराव गेल्याचं मला चिंचवड स्टेशनावर त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. मी त्यांनाच भेटायला आलो होतो. खरं सांगतो, दुःखाआधी सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या एका प्रश्नाला आता तोंड द्यावं लागणार नव्हतं... महिना झाला, त्या क्षणाची लाज अजून जात नाही.

चाकणजवळच्या शेतकरी घरातला हा माणूस पुण्याच्या कॉलेजात माझ्यासोबत इतिहास शिकवायचा. गुण देण्यात महाकंजूष. "एवढी पोरं नापास करून तुम्हाला जेवण कसं जातं हो?" असं मी चिडवलं की म्हणायचे, "आमच्या घरात गुणांबिगर दुसरं काय हाय, राव? तेच खोटे निघाले तर आमी कुठं बघायचं?"

त्यांची मुलगी सुमन बी.ए.ला बसली, म्हणून त्या वर्षी त्यांनी पेपर तपासायला घेतले नाहीत. तिचा गठ्ठा माझ्याकडे आला. आमची रीत अशी, की गुण आधी पेन्सिलीने मांडायचे आणि परीक्षकांची बैठक झाली की शाईने. बैठकीत प्रमुख म्हणाले, निकाल फार खाली जातोय, हात जरा सैल सोडा. मी सोडला. कुणाला चार वाढवले, कुणाला बारा, आणि पेन्सिलीचे आकडे रबराने स्वच्छ पुसून टाकले. सुमनला दुसरा वर्ग मिळाला. त्यांच्या गावात पदवी घेणारी ती पहिलीच मुलगी. मारुतरावांनी घरोघर पेढे वाटले.

पुढे ती पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरीसाठी गेली. तिथल्या साहेबाने प्रमाणपत्र बाजूला सारलं. "या वर्षीचा दुसरा वर्ग होय? यंदा गुण वाटलेत म्हणे," म्हणत त्याने स्वतःचाच पेपर पुढे ठेवला. ती इतकी बावरली, की चार ओळी लिहून उठली. संध्याकाळी मारुतराव माझ्या दारात उभे. "पोरीचे खरे किती व्हते?"

"आठवत नाही हो," मी म्हणालो. खरोखरच आठवत नव्हतं. मग भेटतील तेव्हा तोच प्रश्न. सुमनने पुन्हा कुठे अर्ज केला नाही, आणि शेवटच्या आजारात तर ते माझा हात धरून, लहान मुलासारखे रडून विचारायचे. मी काय सांगणार होतो?

तेराव्याला सुमनने मला ओट्यावर गाठलं. "काका, माझे खरे किती होते?"

तिच्याकडे बघवेना. "बावन्न," मी म्हणालो. "तुझ्या पेपरात मी एकही वाढवला नव्हता, पोरी."

"मग आबा तळमळत व्हते, तवा त्यांना का न्हाई सांगितलंत?"