तुळशीला वळसा घालून गेलेली लाईन

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हाच किस्सा ऐकताना माझ्या मावसबहिणीला असा ठसका लागला, की सगळा चहा माझ्या अंगावर! म्हणजे फजितीही माझी आणि साडीही माझीच.

तर ऐका. माहेर माझं जळगाव जामोदचं, सासर पिंपळगाव राजा. लग्नाला तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात सासरी माझं एक नाव झालं होतं. सून लय शांत हाय! सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, "तोंडातून शब्द नाही निघत वं पोरीच्या!" आणि सासऱ्यांसमोर, म्हणजे मामाजींसमोर, तर 'हो' आणि 'वाढू का' एवढ्यावरच माझा संसार चालला होता.

खरं सांगू? मी शांतबिंत काही नव्हते. नुसती बघत होते. पण फुकटात मिळालेलं चांगलं नाव कोण परत करतं?

तेव्हा आमच्या घराचं सांडपाणी उघड्या नालीतून वाहायचं. डास, वास, सगळी मौज! मामाजींनी ठरवलं, बस झालं, आता जमिनीखालून पाइप टाकायचा. सत्तारभाई मिस्त्री आले. स्वयंपाकघराचं पाणी घराच्या कडेनं मोरीपाशी आणायचं आणि तिथून सगळं मिळून कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात सोडायचं, असं ठरलं. संध्याकाळी त्यांनी सुतळी ताणून अंगणात चुन्याची पांढरी फक्की सोडली. मोरीपासून निघालेली रेघ तुळशीच्या ओट्याला खेटून थेट खड्ड्यापर्यंत. चेंबर जिथं होणार तिथं चौकोन. मग सुतळी गुंडाळली आणि "उद्या सकाळी खोदाई" म्हणून गेले.

मी खिडकीतून पाहत होते. एक डोळा फक्कीवर, एक तव्यावरच्या भाकरीवर.

आता मला सांगा, नव्या सुनेचा हात सकाळी उठल्या उठल्या कुठं जातो? शेणाच्या बादलीकडे! सडा टाकायला घेतला आणि अंगण जवळजवळ संपवल्यावर एकदम उजाडलं. आकाशातही आणि माझ्या डोक्यातही.

फक्की! कुठंय फक्की?

शेणाखाली.

सांगून टाकायचं ना सरळ, असं तुम्ही म्हणणार. तुम्हाला काय जातंय म्हणायला! तीन महिन्यांनी सासऱ्यांसमोर पहिलं लांब वाक्य बोलायचं, आणि ते काय? 'मामाजी, मी तुमची गटारलाईन शेणानं सारवली'?

धावत जाऊन नवऱ्याला उठवलं. त्यांनी एक डोळा उघडला.

"तुले रांगोळी येते ना?"

"येते."

"मंग काढ ना परत पांढरी रेघ. कोण पाह्यते!"

आणि डोळा मिटला. तर या गुन्ह्यात मी एकटी नाही, हे आधी लिहून ठेवा.

रांगोळीचा डबा घेऊन बसले. पण माझा हात पडला लहानपणापासून ठिपक्यांचा. सरळ रेघ त्याला कुणी शिकवलीच नव्हती. त्यातून आली तुळस. खरकटं पाणी तुळशीला खेटून न्यायचं? मनाला पटेना. म्हणून जरासं बाजूनं घेतलं. जरासं म्हणजे चांगला गोल वळसा. अर्धी प्रदक्षिणाच म्हणा! चौकोनही काढले. रिकामे चौकोन भुंडे दिसायला लागले, आणि हात आपला सवयीनं गेला. प्रत्येक चेंबरमध्ये चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू!

डबा आत ठेवते न ठेवते, तोच सत्तारभाई आले. अंगणाच्या कडेला थबकले. रेघ पाहिली, वळसा पाहिला, हळदकुंकू पाहिलं. मागच्या दोघा मजुरांना हळूच म्हणाले, "चपला काढा बे."

तेवढ्यात मामाजी आले. त्यांनीही रेघ पाहिली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी दाराआड, श्वास रोखून.

"म्हणजे आता अशी जाणार?" मामाजींनी विचारलं.

"अशीच जाणार काकाजी! तुमच्या घरचं काम, तुमच्या मनासारखं."

मामाजींना वाटलं, मिस्त्रीनं काहीतरी विचार करूनच लाईन बदलली. सत्तारभाईंना वाटलं, काकाजींनी वास्तूवाल्याला बोलावून आखून घेतली. दोघंही सभ्य. विचारलं कुणीच नाही! भांडखोर माणसं असती ना, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

आत्याबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. "अगं बाई! तुळस वाचवली! यायले बरं सुचलं!"

इतक्या वर्षांत आत्याबाईंनी मामाजींचं केलेलं हे बहुधा पहिलंच कौतुक. मामाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि गुमान ठेवून घेतलं. म्हटलं ना, फुकटात मिळालेलं कोण परत करतं? घराण्याचीच रीत आहे ती.

भिंतीवरून शेजारच्या वच्छलाकाकूंनी मान वर काढली. त्यांच्याकडेही सत्तारभाईच लाईन टाकणार होते.

"काऊन हो मिस्त्री, वास्तूवाला आलता का यायच्याकडं?"

"मले काही बोलले नाही. पण चौकोनात हळदकुंकू होतं, पाहा."

काकूंचे डोळे मोठे झाले. मान खाली गेली.

खोदाई सुरू झाली. मी रोज चहा द्यायला जायचे, 'सांगू का' म्हणून तोंड उघडायचे आणि 'साखर बरोबर आहे ना' असं विचारून परत यायचे. तिकडे वळशावर पाइपाला उतार मिळेना. वळणाला लागणारे एल्बो कमी पडले, खामगावहून आणावे लागले. सत्तारभाई लेव्हलची नळी धरून मान हलवत मजुरांना म्हणायचे, "पाणी सरळ जाते बे, काकाजीची श्रद्धा गोल जाते. आपण काय बोलावं!"

तिसऱ्या दिवशी चाचणी. चेंबरची झाकणं अजून बसायची होती. आत्याबाईंनी मुद्दाम कपड्यांचा ढीग काढला आणि धुण्याचं सगळं पाणी मोरीत सोडून दिलं. आम्ही सगळे शोषखड्ड्याच्या तोंडाशी उभे. बघतोय, बघतोय. थेंब नाही!

मग पाठीमागून आवाज आला. गुडगुड... गुडगुड...

वळलो. तुळशीजवळच्या चेंबरमधून साबणाचा पांढराशुभ्र फेस वर येत होता. आला, फुगला आणि तुळशीच्या ओट्यावर चढून आरामात बसला. जिला वाचवायला एवढा खटाटोप केला, तिलाच आंघोळ!

"सत्तारभाई!" मामाजी ओरडले. "हा वळसा काऊन घेतला?"

"मी काऊन घेऊ? तुमच्या वास्तूवाल्यानं घेतला!"

"आमचा कोणता वास्तूवाला?"

"म्या सरळ आखलं होतं काकाजी! सुतळी लावून!"

"मंग वाकडं कोणी केलं? राह्यू द्या. उचला सामान. दुसरा मिस्त्री पाह्यतो मी."

सत्तारभाईंचा चेहरा एवढासा झाला. थापी पुसून पिशवीत टाकायला लागले. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस, आणि उद्या गावभर होणार, यायले उतार समजत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर ते पपईच्या झाडाकडे असे बघत होते जणू आयुष्यात पपई पाहिलीच नाही!

मी पदर सावरला आणि पुढे झाले.

"मामाजी, वास्तूवाला मीच."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्याची तेवढी पपईकडेच!

मग मात्र माझा बांध फुटला. सडा, फक्की, रांगोळी, ठिपके, हळदकुंकू, नवऱ्याचा एक डोळा, सगळं सांगितलं. थांबताच येईना. तीन महिन्यांचा साठा होता तो! आत्याबाई डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अवं बाई, पह्यल्यांदा तोंड उघडलं, अन् नळासारखं?"

मामाजी आधी खोकले. मग त्या खोकल्याचं हसू झालं. पोट धरून हसले, सत्तारभाईंचे हात धरून माफी मागितली, पिशवीतली थापी स्वतः बाहेर काढली.

सत्तारभाई मात्र हसेनात. मटकन ओट्यापाशी बसले, फेसातच.

"काकाजी... वच्छलाकाकूनं हट्टच धरला होता. आज सकाळीच त्यायच्याकडं हीच लाईन गाडून आलो. वळशासकट."

"पण काकूंकडे तर तुळसच नाही!" मी म्हणाले. आता मला कोण थांबवतं?

"मीबी तेच म्हणलं. तर म्हणे, वास्तूवाल्यापेक्षा तुले जास्त समजते का?"

आमची लाईन उकरून सरळ झाली. काकूंच्या अंगणाला मुळातच चांगला उतार, त्यामुळे त्यांचं पाणी वळशातूनही सुरळीत गेलं. वास्तूवाला नव्हताच, हे काकू काही मानायला तयार नाहीत. उलट वळशाच्या मधोमध त्यांनी तुळस लावली!

परवा काकूंची बहीण आली होती, वडनेर भोलजीहून. नवं घर बांधताहेत. आमच्या दारात येऊन आत्याबाईंना म्हणाली, "त्या वास्तूवाल्याचा नंबर द्या ना."

आत्याबाईंनी तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे बोट केलं.

"नंबर कायले? घरातच हाय. न्या खुशाल. फक्त आधीच सांगून ठेवतो बाई, लय बोलते."