कोऱ्या चहाने रंगवलेला उंदीर

डोंबिवलीहून निघताना सुहासदादांनी माझ्या मांडीवर एक डबा ठेवला. "हा सांभाळ गं ऋता. आडवा करू नकोस." हॉटेलातून पार्सल येतं तसला प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला बारीक भोकं पाडलेली. मला वाटलं, वहिनींनी इडल्या दिल्या असतील आणि वाफ कोंडू नये म्हणून भोकं. पत्रीपुलाच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि इडल्या डब्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेल्या.

मी काही विचारलं नाही. फार ओळख नसलेल्या माणसांत मी विचारत नाही, बघून घेते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या या गटात येऊन मला दोनच महिने झाले होते. इथे कुणी 'तू बोलत का नाहीस' असं म्हणत नाही, कारण सगळ्यांनीच गप्प बसायचं असतं. शाळा-कॉलेजात मला अशी जागा कधी मिळाली नव्हती. त्यातून सुहासदादा बँकेतली नोकरी सांभाळून शिकवतात, स्वतःची मोठी लेन्स बिनदिक्कत माझ्या हातात देतात. हा गट सुटू नये, असं मला फार वाटत होतं.

पुढच्या सीटवरून गटातला नीरज वळला. "काय, आपला मॉडेल झोपला का?"

"कोण?"

"अगं उंदीर! दुकानातला, पांढरा. काल कल्याणहून उचलला. तो सोडायचा, वरून कापशी येते झूम करून, आपण खटाखट. तुला काय वाटलं, दादा चार चार तास उन्हात बसतात?"

मला तसंच वाटलं होतं. कापशी (पांढरट-राखाडी अंगाची, लाल डोळ्यांची छोटी घार) पंजे पुढे करून झेपावतेय, असा दादांचा एक फोटो मी माझ्या टेबलासमोर लावला आहे.

शहाडचा पूल ओलांडून आम्ही मोहन्याच्या बाजूला वळलो. जानेवारीतली सकाळ होती. उल्हास नदीवर जलपर्णीची जांभळी फुलं इतकी दाट होती की पाणी दिसतच नव्हतं. जुन्या कारखान्याच्या चिमणीवर एक घार ऊन खात बसली होती. टिटवाळ्यात नव्या इमारतींचे फलक लागले. मोठ्या देवळात रांग होती, म्हणून गावाबाहेरच्या छोट्या गणपतीपाशी थांबलो. तिथे पितळी उंदीर आहे. त्याचा एक कान हाताने झाकायचा आणि दुसऱ्या कानात मागणं सांगायचं, म्हणजे ते देवापर्यंत पोचतं. नीरज वाकून म्हणाला, "बाप्पा, आज झेप शार्प येऊ दे." दादा हसले, मग त्यांनीही वाकून काहीतरी सांगितलं. मी डबा धरून उभी होते. मला वाकता आलं नाही.

पुढे टपरीवर आम्ही चहा आणि गरम भजी घेतली. दादांनी एक कोरा चहा वेगळा मागितला, कडक, बिनसाखरेचा. तो निवल्यावर त्यांनी खिशातून कापूस काढला. "पांढरा उंदीर फोटोत लगेच कळतो. याला जरा रानातला करू. तुझे हात हलके आहेत."

मी ते केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं. काम सोपवलं गेलं याचा थोडा आनंदसुद्धा झाला. गाडीत बसून डाव्या मुठीत उंदीर धरला आणि पाठीवरून कापूस फिरवला. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, इतक्या वेगाने की ठोके वेगळे कळत नव्हते. तो चावला नाही. कानामागून चहाचा ओघळ आला, तो त्याने पुढच्या दोन पायांनी पुसला आणि चाटायला लागला. मी परत लावला. त्याने परत पुसला.

काळू नदीकाठी पोचलो तेव्हा भात कापलेल्या शेतांत वाल उभा होता. दादा आणि नीरज बांधाआड लपायची जाळी बांधायला लागले. मी पाणी मागायला वालाच्या वाफ्यात शेंगा खुडणाऱ्या एका मावशींकडे गेले. त्यांनी हंड्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"तू पन त्यांच्यातलीच का गो?"

मी मान डोलावली.

"मंग बग." त्या शेंग तोडायला खाली वाकल्या. समोरच्या विजेच्या खांबावरून कापशी उठली आणि थेट त्यांच्या डोक्यावर येऊन पंख फडफडवत एका जागी थांबली. इतकी जवळ, की तिचे लाल डोळे मला लेन्सशिवाय दिसले. तिच्याइतकं सुंदर काही मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"मानूस वाकला का हिला वाटतं उंदीर टाकला," मावशी म्हणाल्या. "जोडी व्हती यांची. एक गेला. तुमच्यासारक्यांनी रस्त्यावरच उंदीर सोडला, त्यो झेपावला, वरून टेंपो आला. माजा धनी फावड्यावर उचलून घेऊन आला त्याला." त्या उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या. "हाड! जा गो बाय! माज्याकडं काय नाय!" कापशी थोडी वर गेली, पण लांब गेली नाही. "एकदा कोन पोरगा गलोल घेऊन वाकंल, तवा पन अशीच यील ही."

तेवढ्यात जाळीआडून दादांनी हात हलवला. उंदीर आण.

डबा गाडीत होता. दादांना काय सांगायचं, ते शंभर पावलं चालेपर्यंत मी मनात जुळवत होते, इंग्रजीत, मग मराठीत. एकही वाक्य धड झालं नाही. शेवटी मी लेन्सचा कापडी बटवा रिकामा केला, उंदीर त्यात ठेवला, दोरी सैल बांधली, बटवा जॅकेटच्या आत घेतला आणि रिकामा डबा घेऊन परत गेले.

"दादा, पळाला."

"कुठे?"

शेत म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मला खोटं बोलायची सवय नाही. "गाडीत," मी म्हणाले.

पुढचा पाऊण तास दोन मोठी माणसं नव्या गाडीच्या मॅट्स बाहेर काढून, गुडघ्यांवर बसून सीटखाली मोबाईलचा उजेड मारत होती. "अरे वायरिंग खाईल रे!" दादा कळवळून म्हणत होते. नीरज भजी हातात धरून "आजा बेटा, आजा" करत होता. हसू येत होतं आणि रडूही. जॅकेटच्या आत उंदीर आता शांत झाला होता, बरगडीला टेकून. खांबावरून कापशी आमच्याकडे बघत होती, कारण आम्ही तिघंही वाकलेलो होतो.

बाराच्या सुमाराला ती कंटाळून नदीपलीकडे गेली. एकही फोटो झाला नाही.

परतीच्या वाटेवर नीरज कल्याणला उतरला. "तुला एक डबा दिला, तो पण नाही सांभाळता आला," एवढंच जाताना म्हणाला. माझ्या इमारतीपाशी गाडी थांबवून दादांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. "उद्या रजा टाकतो. गॅरेजला सीट उघडायला लागतील. तुझी चूक नाही गं, झाकणच सैल असणार."

ओरडले असते तर मी गप्प राहिले असते. पण ते असं बोलले.

"गॅरेजला जाऊ नका," मी म्हणाले आणि बटवा बाहेर काढला. बटव्यातून आधी मिशा दिसल्या, मग नाक.

दादांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "मला सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नाही," म्हणाले.

मग मी त्यांना जोडीचं सांगितलं. टेंपोचं, फावड्याचं सांगितलं. एका दमात मी इतकं कुणाशी बोलले नव्हते, आणि बोलताना त्यांच्याकडे बघत नव्हते.

"दोन होत्या?" त्यांनी विचारलं. "इतक्या वेळा गेलो. मला कधी दोन दिसल्या नाहीत." पुढे म्हणाले, "माझ्या आधीच गेला असेल तो." मग स्वतःच मान हलवली. "कुणास ठाऊक." त्यांनी गाडी सुरू केली. पुढच्या रविवारी ये, असं म्हणाले नाहीत. येऊ नकोस, असंही नाही.

उंदीर आमच्या बाल्कनीत एका जुन्या पिंजऱ्यात राहतो. आईने पहिल्या दिवशी आकांत केला. आता तीच काकडीच्या साली ठेवते.

तीन आठवड्यांनी मी एकटी गेले. टिटवाळ्याहून शेअर रिक्षा, पुढे पायी. कॅमेरा घरी ठेवला होता. मावशींनी ओळखलं, पाटी पुढे सरकवली. "आलीस तशी शेंगा खुड." मी वाकले. पाठीवर सावली फडफडली, आणि मान वर केली तर ती होती. हात वर केला असता तर बोटांना तिच्या पंखांचा वारा लागला असता. ती माझ्याकडे बघत होती, पूर्ण विश्वासाने.

"ओरड गो," मावशी म्हणाल्या. "मी म्हातारी, मला नाय भीत ती."

मी आयुष्यात कधी कुणावर ओरडले नव्हते. मग दोन्ही हात वर करून, पाय आपटत, मी ओरडले. काय ते आठवत नाही, शब्द नव्हतेच बहुतेक. ती दचकली, हवेत वाकडी झाली, खांबावर गेली. मी खांबाकडे धावत परत ओरडले. तेव्हा ती उठली आणि नदीपलीकडच्या गवतावर जाऊन ठिपक्याएवढी झाली. तिथे तिने एकदा सूर मारला. काही मिळालं की नाही, इतक्या लांबून मला दिसलं नाही.

मावशींनी ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या. घसा बसला होता. तिला एवढ्या जवळून परत कधीच बघायला मिळू नये, असं अगदी मनापासून म्हणत मी परतीच्या रिक्षात बसले.