खाणीच्या नोंदी राखणारी दोब्रिंका

खाण बंद पडून सत्तावीस वर्षं झाली, तरी खाली कोण कोण उतरलं होतं हे विचारायला रोडोपी डोंगरातलं आमचं गाव अजून दोब्रिंका पेत्कोवाचंच दार ठोठावतं. लहानथोर सगळे तिला 'लेल्या' म्हणतात. मावशीच ती गावाची. सख्खा भाचा मात्र एकही नाही.

१९८५ साली शिशाच्या खाणीतल्या संगणकाच्या खोलीत ती कामाला लागली, तेव्हा बावीस वर्षांची होती. कोण कोणत्या सालापासून, जमिनीवर की खाली, हे सगळं तेव्हा चुंबकी फितींवर असे. फिती गेल्या, मोठ्या फ्लॉप्या आल्या. त्या गेल्या, लहान आल्या. दर वेळी दोब्रिंकानं नोंदी नव्यावर उतरवल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. खाण बंद झाली तेव्हा ते दफ्तर आणि दोब्रिंका, दोन्ही नगरपालिकेच्या तळघरात आली.

२००१च्या सप्टेंबरात एका खाणकामगाराची विधवा दाखला मागायला आली. फ्लॉपी उघडेना. यंत्र नुसतं घरघरत राहिलं. तिच्यात एकशे चाळीस माणसं होती आणि दुसरी प्रत नव्हती.

यंत्राला दोष देऊन ती मोकळी होऊ शकली असती. तिनं साहेबांना सांगितलं, "चूक माझी. एकाच प्रतीवर विसंबले." आणि दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरू लागली. प्रत्येकाच्या घरी नोकरीची पुस्तिका असते. ती मागायची, छायाप्रत काढायची, नोंद पुन्हा टाइप करायची.

अंगणाअंगणात तेव्हा मिरच्या भाजणं चाललं होतं. खाणीत राबलेला मेतोदी भट्टीपुढे बसला होता. तिला पाहून म्हणाला, "खाण गेली, पोट गेलं. आता आमची नावंही घालवलीस होय गं?"

"घालवली, मेतोदीदादा. म्हणून तर दारात आलेय. पुस्तिका दे, संध्याकाळी परत आणून देते."

"आणि फाडलीस तर?"

"तर माझं नाव लिहून घे तुझ्या पुस्तिकेत, आणि उतरव मला खाली!"

मेतोदी हसता हसता खोकला. पुस्तिका दिली, वर मिरच्यांची बरणीही. ईस्टरपर्यंत एकशे एकोणचाळीस जण सापडले. एकजण स्पेनला गेला होता, त्याचा पत्ता काही लागला नाही.

त्यानंतर तिनं नियमच केला. प्रती तीन, ठेवायच्या तीन ठिकाणी. दर जानेवारीत प्रत्येक प्रत उघडायची आणि छायाप्रतींतली कुठलीही दहा नावं काढून ताडून पाहायची. एकदा नवा संगणक आला आणि सगळ्या नावांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसू लागली. इतर म्हणाले, गेलं सगळं. दोब्रिंकानं आठवडाभर बसून कोणत्या चिन्हामागे कोणतं अक्षर आहे याचा तक्ता हातानं लिहिला आणि नावं परत माणसात आणली.

२०१५ साली नगरपालिकेनं नवी प्रणाली घेतली. शहरातून कामेन नावाचा तज्ज्ञ आला. "चौदा हजार नोंदी चढल्या, लेल्या. एकही कमी नाही. हा जुना डबा आता भंगारात द्या."

"आकडा बरोबर आहे रे. माणसं बरोबर आहेत का, ते बघू."

तिनं दहा छायाप्रती काढल्या. नावं जुळली, सालं जुळली. सहावी मेतोदीची होती. चष्मा पुसून तिनं पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "मेतोदी जमिनीवर कामाला होता? जाऊन त्याचा खोकला ऐक जरा!"

जुन्या नोंदीत 'खाली' ही खूण वेगळ्या रकान्यात होती. नव्या प्रणालीत त्या खुणेला जागाच नव्हती, म्हणून ती मुकाट्यानं गळून पडली होती. आणि खाली राबलेल्याला निवृत्तिवेतन लवकर मिळतं. मेतोदी त्याच हिवाळ्यात अर्ज करणार होता.

साहेब वैतागले. "शुक्रवारी उद्घाटन आहे, दोब्रिंका. सही करून टाक, मग बघू."

"सही माझी आहे, साहेब. फीत कापायची कात्री तुमची. तुमचं तुम्ही कापा."

साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कामेन मात्र खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. शोधता शोधता एका चुकलेल्या नोंदीच्या दोन झाल्या, दोनाच्या नऊशे बारा. नवा रकाना करून सगळं नीट चढवायला तीन आठवडे लागले. उद्घाटन लांबलं. मेतोदीला त्याच्या कष्टांचा खरा दाखला मिळाला. तो घ्यायला आला तेव्हा टोपी काढून उभा राहिला. आणि त्या तिखट जिभेच्या माणसाला तसं उभं बघून दोब्रिंकालाच रडू फुटलं.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाला चीज भरलेली बानित्सा झाली, फळांची दारू राकिया झाली. साहेबही आता नवे होते. त्यांनी विचारलं, "लेल्या, इतकी वर्षं कंटाळा नाही आला, तीच तीच नावं उतरवायचा?"

"आला की," ती म्हणाली. "दर जानेवारीत आला."