आजोबांचा वॉकर

मुलांनो, आजोबा गेल्यावर त्यांची खोली रिकामी करायला आलेल्या भंगारवालीचं नाव मी विचारलंच नाही. अंगणात बसून ती सामान वेगळं करत होती. लोखंड कळंबोलीच्या लोखंडबाजारात जाणार, रद्दी कागद गिरणीला, धड कपडे कुणाला तरी वापरायला. झिजलेल्या चपला मात्र कचऱ्यात. प्रत्येक वस्तू आधी पदराने पुसायची, मग ढिगात ठेवायची.

"एवढे पेपर कोन वाचाचा?"

"आमचे हे."

"मंग बोलाचे कवा?"

कितीतरी दिवसांनी मी हसले.

वॉकर कुणाच्या तरी उपयोगी पडावा, अशी माझी फार इच्छा होती. तिने तो फरशीवर टेकवून हलवून पाहिला.

"पाय वाकलाय, आजी. कुनाला दिला तर तो पडंल. मोडायलाच लागंल."

आजोबा न्हाणीघरात पडले, तेव्हाच तो वाकला होता.

तिने हातोडी उचलली. "तुमी आत जावा. मोडताना बगू नका."

माझा पाय निघेना. हातोडी खाली ठेवून तिने वॉकर अख्खाच टेम्पोतल्या सामानावर चढवला.

"गोडाऊनला नेऊन मोडते," ती म्हणाली.

टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते.